कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले!

पातूर तालुक्यातला शेतकरी सरकारी कामासाठी कॉम्प्युटरसमोर बसत नाही. तो कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसासमोर बसतो. पीक विमा, सातबारा, महाडीबीटीवरचा तुषार संचाचा अर्ज, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, काम काहीही असो. आलेगाव-चान्नीकडून पातूरला यायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद आणायचे आणि सेवा केंद्राच्या बाकावर नंबर लागेपर्यंत थांबायचं. मुदत संपत आली की हा बाक पुरत नाही, माणसं रस्त्यावर उभी असतात.

अर्ज मात्र हट्टी. फोटो २० केबीच्या आत हवा, सही १० केबीच्या आत, दाखला पीडीएफमध्येच. मोबाईलवर काढलेला फोटो निघतो तीन एमबीचा. मग केंद्रचालक गुगलमध्ये ‘फोटो २० केबी’ असं टाकतो आणि वर दिसेल त्या साइटवर जातो. तिथे ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन हिरवी बटणं, त्यातल्या दोन जाहिराती. वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते: या साइटला नोटिफिकेशन पाठवायची आहेत, अलाऊ की ब्लॉक? मागे लोक ताटकळलेले. चौकट एकदाची जावी म्हणून तो अलाऊ दाबतो, फोटो चढवतो, पावती छापतो आणि पुढच्याला हाक मारतो.

मग कधीतरी दुपारी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल ढाल उगवते. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’. ती बंद करावी तर दुसरी येते: ‘मॅकअॅफीची मुदत संपली, आजच नूतनीकरण करा’. त्या कॉम्प्युटरवर मॅकअॅफी कधी टाकलेलंच नसतं.

“हे काय येऊन रायलं भाऊ?”

“काई नाई काकाजी, व्हायरस घुसला. अकोल्याचा पोट्टा येईन संध्याकाळी, फॉरमॅट मारून देईन.”

पोट्टा येतो, फॉरमॅट मारतो, चार-पाचशे रुपये घेतो. लाल ढाल जाते. आठवड्याभरात पुन्हा कोणाचा तरी फोटो २० केबी करायचा असतो, पुन्हा तीच साइट, पुन्हा अलाऊ. कॉम्प्युटरला व्हायरस लागलेलाच नव्हता, हे या सगळ्या खटपटीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती लाल पट्टी नीट पाहिली तर तिच्यातच तिचा पत्ता लिहिलेला असतो. मजकुराच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात ‘गुगल क्रोम’ आणि कुठल्या तरी अनोळखी साइटचं नाव असतं. कॉम्प्युटरवर बसवलेल्या खऱ्या अँटिव्हायरसची सूचना क्रोममार्फत येत नाही, तिच्याखाली साइटचा पत्ता नसतो. एवढी एक खूण पाहायची सवय लागली तरी निम्मी धास्ती ओसरेल. क्रोमनं २०१५ मध्ये साइट्सना अशा सूचना पाठवायची सोय दिली. हेतू चांगला होता: नवा मेल आला, ताजी बातमी आली, तर साइट उघडी नसतानाही कळावं. पण एकदा दिलेली परवानगी माणूस विसरतो आणि ब्राउझर लक्षात ठेवतो. पुढे काय पाठवायचं ते साइटवाल्याच्या हातात. तो ही जागा जाहिरातवाल्यांना विकतो आणि जाहिरातवाल्यांना सर्वांत जास्त पैसा मिळतो तो भीतीवर.

आणि ‘सापडले’ हा दावा? ब्राउझरमधल्या पानाला तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फायली आपल्या मनानं उघडून वाचता येत नाहीत. ब्राउझरची रचनाच तशी आहे. वेब पान तुमचा सी ड्राइव्ह तपासतंय असं दिसलं, तर तुम्ही चित्रपट पाहताय. सरकणारी पट्टी, वाढत जाणारे आकडे, लाल अक्षरातली फायलींची नावं, सगळं आधी चितारून ठेवलेलं. जुन्या काळात याचा एक गमतीदार पुरावा मिळायचा. अॅपलच्या मॅकवर असलं पान उघडलं तरी विंडोज एक्सपीचा ‘माय कॉम्प्युटर’ दिसायचा, त्यात सी आणि डी ड्राइव्ह असायचे आणि दोन्हींत व्हायरस सापडायचे.

हा चित्रपट वीसेक वर्षं चालू आहे. त्याचे निर्माते कोण होते ते आता न्यायालयाच्या कागदांत आहे.

२००० नंतरच्या दशकात विनफिक्सर, एररसेफ, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांची सॉफ्टवेअर जगभर पसरली. आधी फुकट तपासणी, मग डझनावारी व्हायरस, मग सफाईसाठी पैसे. यामागची एक मोठी कंपनी होती इनोव्हेटिव्ह मार्केटिंग. तिचं कामकाज युक्रेनमधल्या कीव्हमधून चालायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८ मध्ये तिला न्यायालयात खेचलं. मे २०१० मध्ये शिकागोत फौजदारी आरोपपत्र दाखल झालं. त्यात स्वीडनचा ब्योर्न सुंदिन, अमेरिकी नागरिक शैलेशकुमार जैन आणि ओहायोचा जेम्स रेनो यांची नावं होती. आरोप असा की ६०हून अधिक देशांतल्या लोकांना दहा लाखांवर प्रती विकल्या गेल्या आणि लोकांचं नुकसान १० कोटी डॉलरच्या वर गेलं. एका प्रतीची किंमत ३० ते ७० डॉलर. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला कॉल सेंटरही होतं. बनावट औषध विकणाऱ्यानं दुकानाबाहेर विचारपूस खिडकी उघडावी, तसा हा प्रकार.

ती खिडकी का उघडी ठेवली होती, हे २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी दाखवलं. त्यांच्या हाती अशा तीन धंद्यांच्या सर्व्हरवरच्या नोंदी लागल्या. तिघांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या पुढे. घाबरवलेल्या शंभरांपैकी साधारण दोघं पैसे भरत, आणि तेवढ्यावर हा डोलारा उभा होता. या नोंदींतली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हे लोक तक्रार करणाऱ्याचे पैसे परत द्यायचे. दयेपोटी नव्हे. ग्राहकानं बँकेकडे तक्रार केली की कार्ड कंपनीच्या दप्तरी खूण पडते. अशा खुणा फार झाल्या की कार्डानं पैसे घ्यायची सोयच बंद होते. म्हणून जो ओरडेल त्याला गप्प करायचं, उरलेल्या मोठ्या जनतेचे खिशात घालायचे. किती जणांना परत द्यायचे याचं गणितही कार्ड कंपनीच्या मर्यादेवर नजर ठेवून चालायचं.

माणसांना घाबरवायचं काम कंपनी स्वतः करत नसे. ते कमिशनवर दिलेलं असे. जो जास्त कॉम्प्युटरांपर्यंत लाल चौकट पोचवेल त्याला जास्त वाटा. हे वाटेकरी मग काय वाटेल ते करत. २००९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर वाचकांना अचानक व्हायरसचे इशारे दिसू लागले. जाहिरातीची जागा एका नावाजलेल्या टेलिफोन कंपनीच्या नावानं घेतली होती. काही दिवस जाहिरात साधी होती, शनिवार-रविवारी गपचूप बदलली. पुढच्या वर्षी मिनिआपोलिसच्या स्टार ट्रिब्यूनबाबत हेच घडलं. तिथे लाटव्हियातल्या टोळीनं अख्खी जाहिरात संस्थाच खोटी उभी केली होती आणि ग्राहक म्हणून एका हॉटेल साखळीचं नाव दिलं होतं. वृत्तपत्राच्या लोकांनी जाहिरात तपासली, ती चोख निघाली. मागाहून तिचा कोड बदलला गेला. सुटकेची किंमत होती ४९.९५ डॉलर. या टोळीतला पीटरिस साहुरोव्स पुढे पोलंडमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत ३३ महिन्यांची शिक्षा झाली. हा धंदा जोरात होता तेव्हा गुगलच्या संशोधकांनी १३ महिन्यांतली २४ कोटी वेब पानं चाळली. वेबवर सापडलेल्या घातक सॉफ्टवेअरपैकी सुमारे १५ टक्के हा एकच प्रकार निघाला.

हा धंदा मोडला कसा, हे नीट पाहण्यासारखं आहे. अँटिव्हायरस कंपन्या रोज नवी यादी काढत होत्या, वाटेकरी रोज नवं नाव काढत होते. ही शर्यत कोणीच जिंकत नव्हतं. २०११ च्या उन्हाळ्यात मॉस्कोतल्या ज्या कंपनीमार्फत यातले बरेच कार्डव्यवहार होत, त्या क्रोनोपेचा प्रमुख अटकेत गेला. व्हिसा आणि मास्टरकार्डनंही बँकांवर दट्ट्या आणला. पैसे येण्याची वाट बंद झाली आणि काही महिन्यांत लाल चौकटी ओसरल्या. भीती तीच होती, लोकही तेच होते, गल्ला बंद पडला एवढंच.

गल्ला बंद पडला की व्यापारी दुसरा गाळा शोधतो. दुसरा गाळा टेलिफोनवर उघडला, आणि दुर्दैवानं आपल्या देशात. ऑक्टोबर २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं ‘तांत्रिक मदती’च्या नावानं फोन करणाऱ्या सहा टोळ्यांवर एकदम कारवाई केली. त्यातल्या बहुतेकांची सूत्रं भारतातून हलत होती. पुढे चौकटही पैसे मागेनाशी झाली, नंबर देऊ लागली. पडदा पूर्ण व्यापणारं निळं किंवा लाल पान, कर्कश आवाज, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’. फोन केला की गोड आवाजातला माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो आणि तुमचा माउस त्याच्या हातात जातो. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडतो. ही विंडोजची रोजनिशी. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही तिथे लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. कुठला प्रिंटर सापडला नाही, कुठलं अपडेट अर्धं राहिलं, असल्या किरकोळ गोष्टी. विश्वास नसेल तर आत्ता आपल्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. फोनवरचा माणूस त्याच खुणा एकेक करून मोजून दाखवतो आणि म्हणतो, “बघा, हे सगळे हॅकर.” मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात कधीही फोन नंबर नसतो. कंपनीनं हे वारंवार जाहीर केलं आहे.

महाराष्ट्रानं हा उद्योग जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापा घातला तेव्हा सातशेहून अधिक तरुण मुलंमुली तिथे कामावर होती. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्र, म्हणून रात्रपाळी. तिथला धाक व्हायरसचा नव्हता, अमेरिकी प्राप्तिकर खात्याचा होता. सूत्रधार सागर ठक्कर एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर सापडला. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयनं इगतपुरीत एका भाड्यानं घेतलेल्या रिसॉर्टमधून चालणारं केंद्र पकडलं. तिथे अॅमेझॉनच्या ग्राहकसेवेचं सोंग होतं आणि वसुली गिफ्ट कार्डं आणि क्रिप्टोमधून. सोंग बदलतं, गल्ला बदलतो. गिफ्ट कार्ड का? कारण कार्ड कंपनीला तक्रार करून ते पैसे परत फिरवता येत नाहीत. २०११ चा धडा या मंडळींनी चांगला गिरवला.

परदेशी म्हाताऱ्यांना फसवणारा हा प्रकार आपल्याला काय शिवणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये १६ देशांत पाहणी केली. त्यात भारतातल्या ६९ टक्के लोकांनी वर्षभरात असल्या फसवणुकीशी गाठ पडल्याचं सांगितलं आणि ३१ टक्क्यांनी पैसे गमावले होते. आपण इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणारे म्हणून जगभर बदनाम आहोत, आणि गिऱ्हाईकही आपणच.

पातूरच्या पडद्यावरची लाल ढाल मात्र बहुतेक वेळा खोटं अँटिव्हायरस आणि फोनवरची ‘मदत’ या दोन्हींपेक्षा बेरकी, तिसऱ्या प्रकारातली असते. तिच्यावर क्लिक करत गेलं की शेवटी पुष्कळदा खऱ्याच, नामांकित अँटिव्हायरस कंपनीचं पान उघडतं. सॉफ्टवेअर अस्सल, किंमत अस्सल, पावती अस्सल. खोटा आहे तो फक्त इशारा. कंपन्या विक्री करून देणाऱ्याला कमिशन देतात आणि मधला दलाल ते मिळवण्यासाठी ५ व्हायरसांची बातमी सोडतो. कंपन्या अशा दलालांना काढून टाकतो म्हणतात आणि काढतातही. पण दलाल नव्या नावानं परत येतो आणि तोवर झालेली विक्री वहीत जमा असते.

खोट्या तपासणीचा मोह पाटी लावून बसलेल्या दुकानांनाही झाला आहे. अमेरिकेतली ऑफिस डेपो ही मोठी साखळी आणि तिची भागीदार सपोर्ट डॉट कॉम यांनी २०१९ मध्ये मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. त्यांच्या दुकानात फुकट ‘पीसी हेल्थ चेक’ मिळायचा. सुरुवातीला चार प्रश्न: कॉम्प्युटर हळू झालाय का, पॉपअप येतात का, असे. कमिशनच्या म्हणण्यानुसार ग्राहकानं यातल्या एकावरही खूण केली की तपासणी काहीही दाखवो, निकाल ठरलेला: व्हायरसची लक्षणं सापडली. मग शेकडो डॉलरची दुरुस्ती. २०२४ मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांनी अशाच खोट्या इशाऱ्यांच्या प्रकरणात २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. मोबाईलवरही हेच. एप्रिल २०१४ मध्ये ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ३.९९ डॉलरचं अॅप गुगल प्लेवर दहा हजारांहून अधिक लोकांनी विकत घेतलं. त्याला उत्तम तारेही मिळाले होते. ते काय करायचं? बोट लावलं की ढालीवरची फुली जाऊन बरोबरची खूण यायची. दुसरं काहीही नाही.

खोट्या ढालीला आपण इतकी किंमत का देतो? कारण खऱ्या ढालीनं एकेकाळी ती कमावली होती. फ्लॉपी आणि नंतर पेन ड्राइव्हच्या काळात व्हायरस खरोखर घरोघर फिरायचे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावी शिकून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले, पुण्यात दुकान थाटलं आणि कॉम्प्युटर शिकलेल्या धाकट्या भावानं, संजयनं, गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या यंत्रांसाठी व्हायरस काढायची साधनं लिहिली. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. आपल्याकडे नवा कॉम्प्युटर घेतला की दुकानदार त्याबरोबर क्विक हीलचा डबा हातात ठेवायचा. कॉम्प्युटर म्हणजे अँटिव्हायरस आलाच, त्याची मुदत संपली की धोका, ही समजूत तिथून रुजली आणि तेव्हा ती बरोबरच होती. आता विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच फुकट येतो आणि स्वतंत्र चाचण्यांत गेली काही वर्षं तो पैशांच्या अँटिव्हायरसच्या पंगतीत बसतो. ज्याला पैशांचा घ्यायचा त्यानं जरूर घ्यावा, पण तो दुकानातून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून. पडद्यावर आलेल्या आरोळीवर क्लिक करून कधीच नाही.

आता इलाज. क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ही यादी पाहणं हा करमणुकीचा भाग आहे. फोटो लहान करणाऱ्या, जेपीजीची पीडीएफ करणाऱ्या, कृतिदेव फाँटचं युनिकोड करणाऱ्या, क्रिकेट फुकट दाखवणाऱ्या, आणि ज्यांच्या नावाचा उच्चारही करता येत नाही अशा. एकेकीसमोरच्या ठिपक्यांवर जाऊन काढून टाकायच्या. वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ असा पर्याय आहे, तो निवडून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, पैसा शून्य. एजमध्ये आणि अँड्रॉइड मोबाईलच्या क्रोममध्येही हीच वाट आहे, नावं थोडी इकडेतिकडे. गुगलनं २०२५ मध्ये सांगितलं की अशा नोटिफिकेशनपैकी एक टक्क्याहून कमींना लोक काही प्रतिसाद देतात. ज्या साइटकडे कोणी फिरकत नाही तिची परवानगी क्रोम आता आपणहून काढून घेऊ लागला आहे. उशिरा का होईना.

पडदा व्यापणारं पान आलं तर त्यातलं कुठलंही बटण दाबू नये, ‘क्लोज’सुद्धा नाही. ते बटणही चित्रच असतं. एस्केपची कळ दाबून धरली की पूर्ण पडदा सुटतो. नाहीच सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि क्रोम संपवायचा. पुन्हा क्रोम उघडताना ‘मागची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नको म्हणायचं, नाहीतर पाहुणा परत हजर.

इतकं करूनही चौकटी येतच राहिल्या, क्रोम बंद असतानाही आल्या, तर मात्र कॉम्प्युटरवर खरोखर काहीतरी बसलेलं आहे. क्रोमची एक्स्टेन्शन्स पाहावीत आणि विंडोजमधली अॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावून पाहावी. त्रास सुरू झाला त्या सुमाराचं अनोळखी नाव दिसलं तर काढावं. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा, त्यात विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथे भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांची सफाईची साधनं फुकट मिळतात.

इथे अकोल्याच्या पोट्ट्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. त्याच्यावर माझा राग नाही, चारशे रुपयांत तो दोन तास घालवतो. पण फॉरमॅट मारल्यावर तो जी विंडोज टाकतो ती पुष्कळदा विकतची नसते. ती चालू करायला ‘अॅक्टिव्हेटर’ लागतो आणि त्याची पहिली अट असते: डिफेंडर बंद करा. अशा अॅक्टिव्हेटरबरोबर काय काय येतं हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. नसलेला व्हायरस काढायच्या नादात दार उघडं टाकून जायचं, असा हा व्यवहार होतो. त्याच कॉम्प्युटरवर मग दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक पासबुकं स्कॅन होतात.

आणि २०२४ पासून एक नवा प्रकार आला आहे, त्याला मात्र घाबरायलाच हवं. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि पुढे सांगतं: विंडोज आणि आर कळ दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानानं गुपचूप एक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. या तीन कळांनी ती तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता आणि ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर आत येतं. इथे ब्राउझरची भिंत कामाची नाही, कारण भिंतीबाहेर तुम्हीच गेलात. कुठल्याही खऱ्या साइटला या कळा दाबायला लावायचं कारण नसतं.

फोनवरच्या कोणी तुमचा माउस हातात घेतलाच असेल तर आधी इंटरनेटची वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावं. मग दुसऱ्या मोबाईलवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ फोन करावा, cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. इथे मिनिटांना किंमत आहे. पैसा चोराच्या पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंत बँक तो गोठवू शकते, एटीएममधून निघाला की संपलं. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि पडद्याचा फोटो जवळ असला तर फोनवरचं काम लवकर होतं.

सेवा केंद्रापुरतं बोलायचं तर फोटो लहान करणाऱ्या त्या साइटवर जायचं कारणच पुष्कळसं टाळता येतं. विंडोजमधल्या पेंटमध्ये फोटो उघडून ‘रीसाइज’मधून रुंदी दोनशे पिक्सेलच्या आसपास आणली आणि जेपीजी म्हणून साठवला की तो बहुतेक वेळा २० केबीच्या आत बसतो. पीडीएफसाठी प्रिंटची आज्ञा देऊन प्रिंटर म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचा, विंडोज १० पासून तो आतच आहे. मराठी टायपिंगसाठी विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे. अडतं ते कृतिदेवपाशी. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेचे जुने दाखले अजून त्याच फाँटमध्ये येतात आणि त्यांना कन्व्हर्टर लागतोच. त्यासाठी एकच बरी साइट शोधून बुकमार्क करून ठेवावी, दर वेळी गुगलमध्ये नव्यानं शोधू नये.